आजोबांनी वाचून दाखवलेले आकडे

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकट्याने मला विचारलं, "आजी, तू खूप गोड खायचीस म्हणून तुझा डोळा गेला का?" मागून तुमच्या आईने त्याला गप्प केलं, बाबा फोनच्या पडद्यातून बाजूला सरकले आणि ताईने घाईघाईने तिच्या पोहण्याच्या स्पर्धेचा विषय काढला. मी पोहण्याबद्दल सगळं ऐकून घेतलं. प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याने तो वाईट मनाने विचारला नव्हता, त्याला घरात जे ऐकू आलं तेच त्याने विचारलं. तुमचे आजोबा तेव्हा माझ्या शेजारी सोफ्यावर बसले होते. ते काही बोलतील म्हणून मी थांबले. ते बोलले नाहीत. म्हणून लिहायला बसले आहे.

हे तुम्ही स्वतः वाचा. ताईला मराठी वाचता येतं, सावकाश का होईना. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा, पण सगळी पानं त्यांच्या हातात देऊन "वाचून दाखवा" म्हणू नका. का, ते पुढे कळेल.

आमच्या सोलापुरात या आजाराला मधुमेह कोणी म्हणत नाही. शुगर म्हणतात. आणि ती होत नाही, निघते. "त्यांना शुगर निघाली," असं म्हणतात, जणू ती इतकी वर्षं घरातच कुठे दडून बसली होती. मला शुगर निघाली तेव्हा तुमचे बाबा कॉलेजात होते आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. डॉक्टरांनी मला नियम सांगितले. नियम सांगितले की मला बरं वाटतं. वर्गातही मी पहिल्याच दिवशी फळ्यावर नियम लिहायचे आणि वर्षअखेरपर्यंत ते पुसू द्यायचे नाही.

मग मी घर त्याप्रमाणे लावलं. जेवणाआधीची छोटी गोळी, जेवणानंतरची मोठी गोळी, वारांचे खण असलेल्या डबीत. दुपारी दीड भाकरी, रात्री एक. भाकरी ज्वारीचीच, आणि शक्यतो कडक, म्हणजे ती चावायला वेळ लागतो आणि माणूस सावकाश जेवतो. शेंगाचटणी चमच्याने मोजून, कारण आपल्याकडे शेंगाचटणी मोजली नाही तर डबाच संपतो. मेथी, पालक, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, ताक. भात सणाला, छोट्या वाटीने. संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या फटी कोरड्या करायच्या आणि तळव्याखाली आरसा धरून बघायचं, कुठे चीर, फोड, लाल डाग आहे का. शुगरच्या माणसाच्या पायाला लागलेलं त्याला कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघावं लागतं. घरातसुद्धा मी चप्पल घालून वावरायचे. माझी नणंद, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, मोडनिंबहून आली की हसायची. "वहिनी, देवळात तरी काढता का न्हाई ती चप्पल?" मी म्हणायचे, काढते, आणि उन्हाळ्यात देवळातही मोजे घालते. ती कपाळावर हात मारून घ्यायची.

तुमचे आजोबा या सगळ्यात माझ्याबरोबर होते. त्यांना शुगर नाही, तरी त्यांनी चहातली साखर सोडली. पहाटे जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीभोवती आम्ही फिरायला जायचो, ऊन वर यायच्या आत. ते पुढे, मी मागे, आणि कोपऱ्यावर ते थांबायचे. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुमचे आजोबा माझ्याशी कधी वाईट वागले, असं मला म्हणायचं नाही. वाईट वागणाऱ्या माणसापासून सावध तरी राहता येतं.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी मोडनिंबला सासरी होते. एका सकाळी सोलापूरहून माझ्या माहेरचा एक माणूस निरोप घेऊन आला. मी स्वयंपाकघरात होते. तो बाहेर ओट्यावर बसला, त्याला पाणी दिलं, आणि सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "चल, आज आपण बायका आधी जेवून घिऊ." मला नवल वाटलं. आमच्यात बायका शेवटी जेवायच्या. पिठलं-भाकरी होती, हिरव्या मिरचीचा ठेचा होता. मी पोटभर जेवले. मी कसली तरी गंमत सांगत होते आणि एकटीच हसत होते. हात धुतल्यावर सासूबाईंनी माझे वडील गेल्याचं सांगितलं.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "अन्नावर बसायच्या माणसाला वंगाळ सांगू न्हाई, बाय. घास आडकतो घशात. मग दोन दिस तू काय खाणार हायस?" त्यांच्या घरची ही रीतच होती. मृत्यू असो, नापास झालेला मुलगा असो, आधी चार घास पोटात जाऊ द्यायचे, मग तोंड उघडायचं. आपल्याकडे पुष्कळ घरांत ही रीत आहे आणि ती मायेची आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या जेवणात दुपारची एसटी गेली. मी सोलापूरला पोचले तेव्हा घरात नुसता दिवा लावून ठेवलेला होता. वडिलांचं तोंड मला दिसलं नाही.

तुमचे आजोबा तेव्हा ओट्यावरच होते. त्यांना माहीत होतं. परत आल्यावर मी त्यांना म्हटलं, "तुमच्या घरची रीत तुमच्या घरच्यांना ठेवा. माझं काही असेल तर मला त्याच क्षणी सांगायचं. मी उपाशी राहीन नाहीतर मरेन, पण मला आधी कळलं पाहिजे." ते म्हणाले, "पुन्हा असं होणार नाही." देवाची शपथ घेऊन वगैरे नाही, साधेपणाने म्हणाले. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला आणि सगळा संसार केला.

दोन वर्षांपूर्वी माझी नजर धुरकट व्हायला लागली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होताच, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं की खरी काळजी मागच्या पडद्याची आहे. इतक्या वर्षांच्या शुगरने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत झाल्या होत्या, उजव्या डोळ्यात सूजही होती. ते आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, "शुगर खाली आणा आणि दोन महिन्यांत या. मग पडद्यावर उपचार करू, मोतीबिंदूही काढू. पण फार वाट बघू नका."

शुगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. मागच्या तीन महिन्यांची सरासरी वाढलेली होती. ते म्हणाले, "रोज सकाळी घरी तपासा आणि दर आठवड्याला आकडे मला कळवा. असेच वर राहिले तर आपण इन्सुलिन सुरू करू." मी म्हटलं, लगेच सुरू केलं तरी चालेल. मला सुईची भीती नव्हती. तुमच्या आजोबांना होती. त्यांच्या थोरल्या भावाला इन्सुलिन सुरू झालं, मग त्यांचा पाय कापावा लागला आणि वर्षभरात ते गेले. इन्सुलिनमुळे नाही, ते फार उशिरा सुरू झालं म्हणून. पण आमच्या मोडनिंबच्या घरात इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, हे पक्कं बसलं ते बसलंच. डॉक्टरांसमोर आजोबा घाईने म्हणाले, "आधी आकडे तर बघू."

आकडे बघायला माझ्याकडे डोळे नव्हते, एवढीच अडचण. त्या छोट्या मशीनवरचे अंक मला ओल्या बोटाने पुसलेल्या पाटीसारखे दिसायचे. म्हणून आमचं असं ठरलं की सकाळी चहाच्या आधी मी बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसायचं, कोमट पाण्याने हात धुवायचे, बोटाच्या कडेला टोचायचं, पट्टीला थेंब लावायचा आणि मशीन त्यांच्या हातात द्यायचं. ते मोठ्याने वाचायचे. त्यांना वाचून दाखवायची हौस. तेव्हा ते मला वर्तमानपत्रही वाचून दाखवत, पुस्तकंही, औषधाच्या पाकिटावरची तारीखही. "रेडिओ लावलाय असं समज," म्हणायचे.

पहिले चार-पाच दिवस आकडे वाईट होते. मी जेवण कमी केलं. एकदा तर गोळी घेऊन नुसतं ताक प्यायले, आणि भाजी आणायला गेल्यावर मला दरदरून घाम फुटला, हातपाय कापायला लागले. शुगर एकदम उतरली होती. आजोबांनी शेजारच्या दुकानातून साखर मागून माझ्या तोंडात घातली.

त्यानंतर आकडे सुधारायला लागले. "एकशे चाळीस." "एकशे बत्तीस." "आज तर एकशे अठ्ठावीस, बाईसाहेब, पेपर चांगला गेला!" मला किती आनंद व्हायचा ते तुम्हाला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांच्या पथ्याचं चीज झालं असं वाटायचं. त्या संक्रांतीला मी शेंगापोळीचा चतकोर तुकडा खाल्ला. शेंगदाणे आणि गुळाची ती पोळी, आपल्याकडची खास. नणंद आली होती, तिने तूप लावून दिला. आजोबा काहीतरी बोलायला तोंड उघडून थांबलेले मला अंधुक दिसले. मला वाटलं, त्यांनाही हवी असेल.

दोन महिने झाले तेव्हा मी म्हटलं, "आकडे इतके चांगले आहेत, आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ." ते म्हणाले, "फोन केला होता मी. अजून थोडं स्थिर राहू दे म्हणाले." पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "मुलगा उन्हाळ्यात येतोय, तो आला की जाऊ. त्याला पुण्यातले चांगले डॉक्टर माहीत आहेत." मला घाई होती, पण आकडे चांगले होते. आकडे चांगले असताना माणूस थांबू शकतो.

आता आठवतात त्या गोष्टी वेगळ्याच दिसतात. काही सकाळी "एकशे तीस" असं वाचून झाल्यावर ते म्हणायचे, "आज अजून एक फेरी मारू, हवा छान आहे." किंवा, "आज भाकरी एकच खा, उकाडा आहे." मेथीदाणे भिजवलेलं पाणी ते न सांगता माझ्यासमोर आणून ठेवायचे. मला ती माया वाटायची. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

ही शेजारीण आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. अक्कलकोटकडची आहे, घरात कन्नड बोलते, आमच्याशी भरभर मराठी. होळीच्या आधी एका सकाळी ती जवसाची ताजी चटणी घेऊन आली. दार उघडंच होतं. मी खुर्चीत होते, थेंब लावून झाला होता, आजोबांनी मशीन हातात घेतलं होतं.

"एकशे चौतीस," ते म्हणाले.

"अय्यो काका," ती त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "चष्मा बदला की! दोनशे सत्त्याण्णव आहे."

मी हसले. मला वाटलं ती थट्टा करते आहे. पण कोणीच हसलं नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "नाही, मीच चुकले असेन. माझं काय, मला कुठं कळतंय त्यातलं. चटणी इथं ठेवते हां काकू."

"थांब," मी म्हटलं. "जाऊ नकोस."

मी दुसरं बोट टोचलं. नवी पट्टी घातली. मशीन तिच्याकडे धरलं.

"काकू, मला नका की मध्ये घालू."

"वाच."

ती आजोबांकडे बघत असणार, कारण बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "दोनशे नव्वदच्या वरच आहे, काकू. दोनशे चौऱ्याण्णव." आणि चटणीचा डबा टेबलावर ठेवून चप्पलही नीट न घालता निघून गेली.

मी विचारलं, "किती दिवस?"

तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, आधी चहा घे. दोन बिस्किटं खा. मग बोलू."

मुलांनो, या एका वाक्याने मला सगळं कळलं. मी मोडनिंबच्या त्या स्वयंपाकघरात होते, आणि माझ्यासमोर पुन्हा ताट वाढलेलं होतं.

चहा मी घेतला नाही. त्यांनी मग सांगितलं. मी भाजीबाजारात घामाघूम झाले त्या दिवसानंतर त्यांनी पहिला आकडा बदलला. "तू जेवणार न्हाईस, असं वाटलं मला," ते म्हणाले. चिडले की घाबरले की त्यांच्या तोंडी मोडनिंबची बोली येते. "सकाळी उपाशीपोटी तुला तीनशे सांगू? तू दिवसभर कायबी खाल्लं नसतंस. म्हटलं, आज न्हाई सांगत, उद्या कमी होईल. उद्या झालाच न्हाई कमी."

"आणि डॉक्टरांना?"

"तेच आकडे कळवले."

"आणि डोळ्यांचे डॉक्टर? त्यांना तुम्ही फोन केला होता ना?"

फोन केलाच नव्हता. तिथे गेलो असतो तर त्यांनी रक्त तपासलं असतं.

त्या दिवशी मी तुमच्या बाबांना फोन लावला. त्यांना धक्का बसेल, ते माझ्या बाजूने चिडतील, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "आई, बाबांनी सांगितलं होतं मला. मी येईपर्यंत तुला टेन्शन नको म्हणून आम्ही ठरवलं होतं." मी फोन ठेवून दिला. "आम्ही" या शब्दात मी नव्हते. माझं बोट, माझं रक्त, माझा डोळा, आणि ठरवणारे ते दोघे, एक सोलापुरात आणि एक तुमच्या देशात. तुमचे बाबा मला खूप आवडतात. तरीही हे असं झालं, आणि ते तुम्हाला त्यांच्याकडून कळणार नाही.

शेजारणीच्या मुलीने मला रिक्षाने शुगरच्या डॉक्टरांकडे नेलं. आजोबा मागच्या रिक्षातून आले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आम्हा दोघांकडे बघितलं आणि मग माझ्याशीच बोलले. त्यांनी विचारलं, पथ्य मोडलं होतं का? मी शेंगापोळीचा चतकोर सांगितला. ते म्हणाले, "चतकोर पोळीने हे होत नाही. तुमचा आजार जुना आहे. शरीरात इन्सुलिन बनवणारा अवयव थकत जातो, मग कितीही पथ्य करा, गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. यात तुमची चूक नाही. हे आकडे मला वेळेवर कळले असते तर मी तेव्हाच सुई सुरू केली असती."

म्हणजे माझ्यापासून लपवलेला तो आकडा माझा गुन्हा सांगत नव्हता. मी सगळं नीट करते आहे आणि तरी पुरत नाही, हे सांगणारा तोच एकटा होता, आणि त्यालाच बोलू दिलं नाही.

इन्सुलिनचं पेन मी त्याच दिवशी शिकले. त्याची चकती फिरवली की प्रत्येक मात्रेला टक् असा आवाज होतो. मी तो कानाने मोजते. पोटावर चिमटीत कातडी धरायची, सुई टोचायची, दाबून धरायचं, मनात दहापर्यंत म्हणायचं, मग काढायची. रोज जागा बदलायची. दुखत नाही. या सगळ्याला डोळे लागत नाहीत, आणि वाचून दाखवणारा माणूसही लागत नाही. मशीन वाचायला शेजारीण यायची. ती दारातूनच ओरडायची, "चला काकू, निकाल!" आणि आकडा वाईट असेल तर उलट जास्त जोरात वाचायची. एकदा म्हणाली, "तुमच्या घरात हळू वाचायची आता भीतीच वाटते बघा."

शुगर उतरायला लागली. पण ती पुरती उतरायच्या आतच एका सकाळी माझ्या उजव्या डोळ्यात शाई सांडल्यासारखं झालं. आधी काळे धागे, मग धूर. पडद्यावरची एक रक्तवाहिनी फुटली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले. डोळ्यात इंजेक्शनं दिली, लेझर केलं, नंतर मोठं ऑपरेशन केलं. तुमचे बाबा आले होते, तुम्हाला आठवत असेल, तेव्हा तुम्ही परीक्षेमुळे येऊ शकला नाहीत. डाव्या डोळ्याचा पडदा वाचला आणि त्याचा मोतीबिंदूही काढला. उजव्याने आता खिडकी कुठे आहे ते कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, तुम्ही सांगितलेल्या वेळेला आम्ही आलो असतो तर? ते म्हणाले, "नक्कीच जास्त काहीतरी करता आलं असतं. किती, ते मी सांगू शकत नाही." आजोबा तिथेच होते. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "बघ, नक्की असं काही नाही म्हणाले ते."

इथपर्यंतचं मी कदाचित तुम्हाला कधीच लिहिलं नसतं. नवराबायकोत पुष्कळ गोष्टी होतात आणि त्या नातवंडांपर्यंत जायचं कारण नसतं. आजोबा घाबरले होते, त्यांच्या भावाचं त्यांनी पाहिलं होतं, हे मी समजू शकते. पण या हिवाळ्यात अजून एक गोष्ट झाली.

नणंदेच्या जावयाचं कुंभारीला शेत आहे. तिथे आम्हाला हुरड्याला बोलावलं होतं. कोवळ्या ज्वारीची कणसं आगटीत भाजायची, हातावर चोळून गरम गरम दाणे खायचे, बरोबर चटण्या, दही, रेवड्या. पंधरा-वीस माणसं गोल करून बसली होती. मला सगळेजण आग्रह करत होते. "खा की वहिनी, ज्वारीच हाय! शुगरला ज्वारी लई चांगली." सोलापूरच्या माणसाला ज्वारीने काही होतं हे पटवून देता येत नाही. हुरडा कोवळा आणि गोड असतो, त्यालाही मोजून खावं लागतं. मी दोन मुठी खाल्ल्या आणि हात पुसला.

तेव्हा नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "आता हात आखडून काय उपेग, वहिनी? संक्रांतीला शेंगापोळी खाल्ली, तवाच मी म्हनलं हुतं दादाला. जिभेनं डोळा खाल्ला." लोक हळहळले. एकजण म्हणाला, "शिकलेल्या माणसांचंच पथ्य मोडतं बघा." कोणीतरी आपल्या चुलतीची गोष्ट सुरू केली.

मी आजोबांकडे तोंड केलं. ते माझ्या डाव्या बाजूला बसले होते, त्यामुळे मला ते स्वच्छ दिसत होते. त्यांच्या हातात हुरडा होता. त्यांनी तो तोंडात टाकला, चावला, आणि आगटीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही का बोलला नाहीत?"

ते म्हणाले, "सगळे खात होते गं."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. हे कारण आहे, असं त्यांना वाटत होतं. मला उजवा डोळा गेला त्या दिवशीपेक्षा त्या दिवशी जास्त एकटं वाटलं. डोळ्याच्या वेळी ते घाबरले होते. आता कशाला घाबरायचं होतं? डोळा गेलेलाच होता. उरलं होतं ते फक्त माझं नाव, आणि तेही त्यांनी लोकांचं जेवण बिघडू नये म्हणून सोडून दिलं. ती गोष्ट मग पाहुण्यांत फिरली, नणंदेकडून तुमच्या बाबांकडे गेली, आणि त्यांनीही ती तशीच राहू दिली. कारण ती त्यांनाही सोयीची होती. तिथून ती तुमच्या जेवणाच्या टेबलावर आली.

तर धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. मी गोड खात नव्हते. माझी शुगर वाढली होती, ते मला कळायला हवं होतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी मला सांगितलं नाही. शुगर आपल्या घराण्यात दोन्ही बाजूंनी आहे. तुम्हाला ती कधी निघाली तर घाबरू नका, तिच्यासोबत चांगलं जगता येतं, गोळ्या घ्या, चाला, पाय बघा, सुई लागली तर सुई घ्या. पण तुमचा आकडा तुम्ही स्वतः बघा. बघता येत नसेल तर ज्याला तुमच्याबद्दल फार माया नाही अशा माणसाकडून वाचून घ्या.

हे लिहिल्याचं मी आजोबांना आज सकाळी सांगितलं. वाचू का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते चष्मा लावून बाल्कनीत बसले आणि बराच वेळ वाचत होते. आत आल्यावर म्हणाले, "पाठव." थोड्या वेळाने म्हणाले, "बहिणीला मी सांगायला हवं होतं." मी म्हटलं, अजूनही सांगता येईल, फोन तिथेच आहे. ते आंघोळीला गेले. दुपार झाली आहे. फोन अजून केलेला नाही.

माझा डावा डोळा चांगला आहे, चष्म्याने मला मशीनवरचे अंक आणि पुस्तकातलं मोठं अक्षर वाचता येतं. दोन्ही पाय शाबूत आहेत, तळव्यांना अजून गार-गरम कळतं. सकाळी आम्ही दोघं अजून फिरायला जातो आणि कोपऱ्यावर ते थांबतात. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही. बाकीचं बरंचसं आहे.